गोड वाइन
लेकीच्या साखरपुड्याला जावयाकडच्यांनी वाइन उघडली, आणि त्या आंबूस-गोड वासाबरोबर मी पेडण्याला माहेरच्या घरी पोचले. गोवा राज्य झालं त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. वास्कोला बंदरात कामाला असलेला माझा दादा त्यासाठी बाटली घेऊन आला. "दुकानदार कडक देत होता, पण बाबांनी घेतलीच तर गोडच घेतील," तो मला म्हणाला. बाबांनी बाटलीकडे बघितलंही नाही. "आमच्या घरात सोरो नाका," एवढंच बोलले; दारू कुठलीही असो, त्यांना ती सोरोच. दादाने ती गोठ्यात गवतामागे ठेवली. लग्नाला पंधरा दिवस असताना म्हापशाच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून तो गेला. बाराव्याला त्याच्या आवडीचं सगळं पानावर वाढून झालं, तसे बाबा उठून गोठ्यात गेले आणि बाटली घेऊन आले. बूच निघेना, म्हणून त्यांनी ते पेचकसाने आत ढकललं आणि पानाशेजारी वाटीत वाइन ओतली. भिजलेलं बोट त्यांनी तोंडात घातलं. "गोड आसा," म्हणाले आणि पंच्याला हात पुसला. कुणी रडलं नाही. मीही पान उचलून परसात कावळ्यांसाठी ठेवून आले. "आई, घोटभर तरी घे," लेक ग्लास पुढे करत म्हणाली. मी तो हातात घेतला आणि विचारलं, "गोडच आणलीय ना गं?"