बेगमचं पाणी

अकोल्यात विहिरीवरची मोटार जळाली की लोक बद्रुद्दीनभाईंकडे यायचे. जुनी तार उकलून नवी भरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात विहिरींनीच तळ दाखवला. पाणी नाही तर पंप चालणार काय, आणि चालणार नाही तो जळणार काय? दुकानात माश्या आणि घरात मासे, एवढीच वर्दळ उरली.

मासेही साधे नव्हेत, खाऱ्या पाण्याचे. सहा फुटी काचेची टाकी, तिला चार पंप आणि वर दोन पंखे.

"आपण दोघं कुलरबिगर झोपतो, अन् माशायले पंख्याचा वारा," त्यांची बायको अकीला म्हणाली. "टाकी ठेवा, नाही तर मले ठेवा."

बद्रुद्दीनभाई विती टाकून टाकीची लांबी मोजू लागले.

"इचार कायचा करून राहिले?"

"टाकी लहान करतो, असं म्हनत होतो."

बाकीचे मासे अमरावतीच्या एका दातांच्या डॉक्टरनं नेले. राहिली ती बेगम. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांची, आठ वर्षांची. तिच्यासाठी त्यांनी स्वतः काच कापून दोन फुटी टाकी चिकटवली. जोड वाळायला एक दिवस हवा होता. तोवर बेगम बादलीत, बादलीला ओलं पोतं गुंडाळलेलं, आणि जुन्या टाकीतलं, नव्या टाकीपुरतं मुरलेलं पाणी अंगणातल्या निळ्या ड्रमात. समुद्राचं पाणी करायचं, मुंबईहून येणारं खास मीठ संपलं होतं, नवं यायला आठ दिवस होते. मे महिन्यात त्या बादलीत बेगम काही आठ दिवस काढणार नव्हती. म्हणजे ते ड्रमातलं पाणी गेलं, तर बेगम गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बद्रुद्दीनभाई अंगणात आले, तर ड्रम कोरडा.

गल्लीचा कायदाच तसा होता. नळ आठ दिवसांतून एकदा यायचा, म्हणून ज्याच्या दारात भरलेला ड्रम दिसेल त्यातून हंडा-दोन हंडे न विचारता न्यायचे आणि नळ आला की भरून द्यायचे. बद्रुद्दीनभाईंनी स्वतः तो कायदा वर्षानुवर्षं पाळला होता.

"मनकर्णाबाई, ड्रमातलं पानी कोनं नेलं?"

"म्या नेलं दोन हंडे," शेजारच्या मनकर्णाबाई निवांतपणे म्हणाल्या. "पार्बताबाईनं दोन, डोमाजीनं एक. उद्या नळ येते, देऊ ना भरून."

"चाखून नाही पायलं?"

"पायलं ना. खारं लागलं. आमच्या दर्यापूरकडं बोरचं पानी खारंच राह्यते. हे जरा जास्त होतं, म्हटलं उन्हाळा हाय."

"अवो, थे समुद्राचं पानी होय."

"अकोल्यात कुठचा समुद्र?"

"माह्या बैठकीत. आठ वर्सं झाले."

मग वसुली सुरू झाली. पार्बताबाईंनी एका हंड्यात गोधड्या भिजवल्या होत्या, दुसरा सुदैवानं तसाच होता. डोमाजींनी तब्येतीसाठी पाणी तांब्याच्या घागरीत भरलं होतं.

"हे नाही चालत," बद्रुद्दीनभाई म्हणाले. "तांब्यानं मासा मरते."

"अन् मी रोज पेतो थे?" डोमाजी घागरीकडं संशयानं पाहू लागले.

मनकर्णाबाईंकडं एक हंडा शाबूत निघाला. दुसऱ्या हंड्याचं काय झालं विचारलं, तर त्या घरातून पातेलं घेऊन आल्या.

"शेंगा उकडल्या. मीठ टाकाचं कामच पडलं नाही. खाऊन पाहा."

दोन हंड्यांत नवी टाकी जेमतेम अर्धी भरली. बद्रुद्दीनभाईंनी बेगमला ओंजळीतून सोडलं. ती तळाशी गेली, कोपऱ्यात आडवी झाली आणि तशीच राहिली. गल्ली काचेला नाक लावून उभी. शेंगा सोलण्याचा आवाजही थांबला.

"गेली वाट्टे," डोमाजी पुटपुटले.

बद्रुद्दीनभाई खाली बसले. त्यांच्या तोंडाकडं पाहून अकीला पुढं झाली, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि बेगमला हलवायला पाण्यात हात घातला. दुसऱ्या क्षणी तो झटकन बाहेर आला.

"चावली."

"खरंच?" बद्रुद्दीनभाई उठलेच. "जोरात?"

"पाहा, बोट लाल झालं."

"जोरात चावली," ते गल्लीला सांगू लागले. "पायलं? चांगली जोरात चावली."

"माहं बोट पाहान का तिचे दात मोजान?"

"पाहातो ना. पन आणखी एक डाव टाकतं का हात? पक्कं होऊन जाईन."