बरणीतला हरणटोळ आणि हबीबचाचा

हबीबचाचांवर अन्याय झाला तो पोळा होऊन तिसऱ्या दिवशी, सकाळी पहिली घंटा व्हायच्या आत. अकोटकडच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसाकडून पोरांदेखत किल्ल्या काढून घेतल्या. आरोप काय, तर शाळेचा साप बाहेर दिला.

चाचा साप पकडायचे नाहीत, बघायचे. मधल्या सुट्टीत मेंदीच्या कुंपणापाशी उभे राहून आम्हाला गप्प करायचे. वाऱ्यावर डहाळी हलावी तसा हरणटोळ डुलत असायचा. हिरवागार, चाबकाच्या वादीएवढा बारीक, डोळ्यातली बाहुली आडवी, नजर सरड्यावर. तो टाळूवर उडी मारून जीव घेतो, असं आम्ही घरून ऐकलेलं. चाचा म्हणायचे, "त्याले तुह्या टाळूचं काय काम बे? त्याचं ईष सरड्यापुरतं. दात पार मांगं. झाडावरचा गडी हाय तो, खाली आला त लाजते." त्याची मादी अंडी न घालता पिल्लंच देते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. रस्त्यावर मेलेला एक हरणटोळ त्यांनी उचलून आणून, न कुजता टिकावा म्हणून फॉर्मालिनच्या औषधाच्या बरणीत ठेवला होता. दर शनिवारी ती बरणी पुसायचे.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांच्या कपाशीत कीटकनाशकाची फवारणी करताना रामदास कोसळला आणि संध्याकाळच्या आत गेला. तोंडाला बांधायला साधं फडकंही दिलं नव्हतं, हे शेजारी तण निंदणाऱ्या बायांनी पाहिलं होतं. पंचनाम्यात मात्र आला सर्पदंश. पुरावा म्हणून पोत्यावर एक मेलेला साप.

चाचा गर्दीत होते. ते वाकले, सापाचा वास घेतला, आणि सरळ होऊन पंचनामा करणाऱ्या साहेबाला म्हणाले,

"हा आज नाही मेला साहेब. जित्ता असता त हिरवा असता, हा औषधात निळा पडला. बरणीची गोलाई अजून अंगात हाय. माह्या कपाटातला हाय हा."

दुसऱ्याच सकाळी किल्ल्या गेल्या.

मी तेव्हा शेतमजुरांच्या संघटनेत नवा होतो, सगळ्यांवर संशय घ्यायचो. कपाटाचं कुलूप तुटलं नव्हतं. मी चाचांच्या घरी जाऊन तोंडावर विचारलं, तुम्हीच दिला ना? ते चहा गाळत होते, हात थांबला नाही. दुसरी किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असते, एवढं सांगितलं. मग म्हणाले, "म्या देल्ला असता त चारचौघांत वळखला काहून असता, बेटा? पत्रकं लयी लिहितं तू. थोडा इचार बी करत जाय."

त्यानंतर ते जबाब द्यायला तहसील कचेरीत खेटे घालत राहिले. आज साहेब नाहीत, उद्या या. तोवर साप गायब झाला. गेल्या उन्हाळ्यात चाचाही गेले. त्यांचा जबाब आजवर कुठल्याच कागदावर नाही. रामदासची बायको वत्सलाबाई मात्र 'सर्पदंश' लिहिलेला कागद घेऊन दारोदार फिरते आहे.

या शाळेत शिकलेले शेकडो लोक हे वाचत असतील. ती बरणी तुम्ही पाहिली आहे. अध्यक्षांची भीती वाटते? मलाही वाटते. तरी या सोमवारी वत्सलाबाईंसोबत कचेरीत या, आणि स्वतःच्या नावानिशी लिहून द्या, की तो साप रामदास मरायच्या कितीतरी वर्षं आधी मेलेला होता.