बातमी नव्हे, भेट

मी विंग कमांडर असताना हवाई दलाने मला आठवडाभराच्या एका परिषदेसाठी जर्मनीला पाठवलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. विषय होता फ्लाइट सेफ्टी. विमानं का पडतात यावर निरनिराळ्या देशांचे अधिकारी सकाळपासून बोलायचे आणि दुपारी बटाटे खायचे.

तिथे माझी ओळख सेल्सोशी झाली. फिलिपिन्सच्या हवाई दलातला जनरल. रँकने माझ्यापेक्षा बराच वर, पण दोघेही हेलिकॉप्टरवाले. फायटरवाले आम्हाला जरा खालच्या पंगतीत बसवतात, त्यामुळे आमची लगेच जमली. तो कोळ्याचा मुलगा. वादळात सापडलेल्या बेटांवर तांदूळ पोचवत त्याने करिअर सुरू केलं, मग स्क्वाड्रन सांभाळलं, तळ सांभाळला. शांत माणूस. कॉफीत तीन चमचे साखर घालायचा.

गुरुवारी त्याला मायदेशाहून फोन आला. तिन्ही दलांच्या प्रमुखपदासाठी त्याचं नाव पक्कं होत होतं. मी अभिनंदन केलं. तो हसला नाही.

"इथल्याच आखन शहरात एक बाई राहतात," तो म्हणाला. "त्यांना भेटल्याशिवाय मला त्या खुर्चीत बसणं जमणार नाही."

मग त्याने सांगितलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पुरात तो शाळेच्या छपरावरून माणसं उचलत होता. को-पायलट होता लेफ्टनंट आर्मान. शेवटच्या फेरीला हेलिकॉप्टर भरलं आणि छपरावर दोन मुलं उरली.

"सर, वजन जास्त होतंय."

"मी उतरतो. मुलांना घे. तू ने."

सेल्सो छपरावर उतरला. थोड्या वेळाने रेडिओवर आर्मानचा आवाज आला. "सर, समोर ढग. डावीकडे वळतोय." त्यानंतर काही आलं नाही. डावीकडे डोंगर होता.

आर्मानची आई लूझ तेव्हा आखनच्या इस्पितळात नर्स होती. मुलं आजीकडे ठेवून तरुणपणीच जर्मनीला आलेली. तिने सेल्सोच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. उतरला म्हणून हा वाचला, एवढंच तिला दिसत होतं. आता तिचा धाकटा मुलगाही हवाई दलात होता. त्याच्याकडूनच सेल्सोने तिच्या घरचा आताचा पत्ता मिळवला होता.

माझी भाची मुग्धा आखनलाच इंजिनिअरिंग शिकत होती. रविवारी दुपारी ती आम्हाला स्टेशनवर घ्यायला आली. आम्ही दोघेही युनिफॉर्ममध्ये. आर्मानच्या आईसमोर साध्या कपड्यांत जाणं सेल्सोला कमीपणाचं वाटत होतं आणि मलाही ते पटलं होतं.

मुग्धाने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मामा, आल्झो," जर्मनांचं हे 'म्हणजे' तिच्या तोंडी बसलं होतं, "एवढी मेडल्स लावून? बसमध्ये सगळे बघतील."

"बघू देत की."

बस लूझच्या घरासमोरच थांबली. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक बाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी खाली पाहिलं. झारी हातातून सुटली आणि त्या आत गेल्या. मुग्धाने बेल वाजवली. भिंतीतल्या स्पीकरवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग इंग्रजीत एकच प्रश्न आला.

"धाकटासुद्धा?"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. लष्करात मुलगा असलेल्या घरासमोर दोन अधिकारी युनिफॉर्ममध्ये उतरले, तर त्याचा अर्थ जगात सगळीकडे एकच होतो. अपघातांवर आठवडाभर अक्कल पाजळून आम्ही दोघे हे विसरलो होतो.

सेल्सो स्पीकरवर ओरडून सांगत राहिला की मुलगा सुखरूप आहे. पण स्पीकर बंद झाला होता. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या शेजाऱ्याने खालचं दार उघडलं. सेल्सो धावत जिना चढला, मागून आम्ही. लूझच्या दारासमोर त्याने टोपी काढून माझ्या हातात दिली. मग कोट काढला. टाय काढला. तिन्ही दलांचा होऊ घातलेला प्रमुख नुसत्या शर्टात उभा होता, एक बाही वर, एक खाली. मग तो स्वतःच्या भाषेत दाराशी बोलला. काय बोलला ते त्याने नंतर मला सांगितलं.

"नानाय," म्हणजे आई, "धाकटा सुखरूप आहे. आता फोन लाव त्याला. मी बातमी घेऊन आलो नाही. मी भेटायला आलोय. बारा वर्षं झाली, आता तरी भेट."

आतून फोन फिरवल्याचा आवाज आला. मग बोलण्याचा, मग रडण्याचा. मुग्धाने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. माझेही डोळे भरून आले, लपवायला माझ्याकडे दोन टोप्या होत्या.

दार उघडलं. दारात लूझ उभ्या होत्या. सेल्सोने वाकून त्यांचा हात स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे थोरांना असाच नमस्कार करतात. त्यांनी हात मागे घेतला नाही. त्याची खाली आलेली बाही नीट केली आणि विचारलं, "जेवलास का?"

भात होता आणि तळलेला मासा. आम्हाला वाढण्याआधी त्यांनी एक बशी भरून आर्मानच्या फोटोपुढे ठेवली. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्हीही पायलट. तुमचं कोण गेलं?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "श्रीरंग. माझा को-पायलट. बर्फात."

त्यांनी दुसरी बशी काढली. ती भरून आर्मानच्या बशीशेजारी ठेवली आणि मग आमची ताटं वाढली.

सेल्सो प्रमुख झाला. निवृत्ती जवळ आलेली, त्यामुळे खुर्चीत थोडेच महिने बसला. फोनवर म्हणाला, पहिला हुकूम मी असा काढला, की मृत्यूची बातमी नसेल तर जवानाच्या घरी कोणीही युनिफॉर्ममध्ये जायचं नाही. कार्यालयात काही जण हसले म्हणे. लूझ हसल्या नसणार.

आता मी पुण्यात असतो. जेवायला बसलो की पानाबाहेर दोन घास काढून ठेवतो. नवीन सुनेने एकदा विचारलं, "बाबा, एक श्रीरंगकाकांचा ते माहीत आहे. दुसरा कोणाचा?"

"आर्मानचा," मी म्हणालो. "मी त्याला कधी पाहिलं नाही. पण त्याच्या आईने आमच्या श्रीरंगला जेवू घातलंय."