परातीपुढची परीक्षा

आमच्या मोठ्याईइतकी कडक परीक्षक अख्ख्या भूम तालुक्यात झाली नसेल, आणि तिला स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती. मोठ्याई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. ईट गावच्या आमच्या घरात तेव्हा माणसं चौदा आणि चूल एक. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की आम्ही पोरांनी भोवती बसून मोठ्यानं धडे म्हणायचे. कुणी अडखळलं की तिचा हात परातीत थांबायचा. "चुकलंस." "तुला काय कळतंय मोठ्याई?" "मला तुमचं त्वांड कळतंय. म्हण परत." एकदा आमचे इंग्रजीचे सर घरी आले, तर त्यांनाही तिनं कविता म्हणायला लावली. सर दोनदा अडखळले.

मी दहावीत असताना घर फुटलं आणि अंगणात भिंत आली. आई आणि मोठ्याईचं बोलणं तुटलं. इकडे आम्ही तिघंच. आईवडील शेतातून दमून यायचे, कोण काय शिकतंय हे विचारायचं त्राण कुणाला? मी मनातल्या मनात वाचू लागले. तिथं अडखळलं तरी कुणाला कळत नाही. सराव परीक्षेत गणितात नापास झाले, पेपर पेटीच्या तळाशी दडवला आणि बोर्डाला बसायचंच नाही असं ठरवून टाकलं.

मोठ्याई आमच्याशी बोलत नसे, पण भिंतीपलीकडून तिच्या शेळीशी आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं बोले. "चंद्रे, पलीकडं फोडणी करपली बघ." मग आई तणतणत आमच्या कोंबडीला उत्तर देई. बोर्डाची परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा पलीकडून आलं, "चंद्रे, लई दिस झाले, पोरीचा आवाज न्हाय. मोठी माणसं भांडली म्हणून लेकरानं मुकं व्हायचं व्हय गं?"

कोंबडीला त्या दिवशी उत्तर मिळालं नाही. आई उठून माझ्याजवळ येऊन बसली. मला रडू फुटलं आणि मी पेटीतला पेपर काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो पाहिला, पाट उचलला आणि भिंतीला लावून मांडला. मी बसले, मोठ्यानं सूत्रं म्हणू लागले. पलीकडे थपथप सुरू झाली. मी अडखळले, थपथप थांबली. मी परत म्हटलं.

मी पास झाले. आता कळंबला शाळेत शिकवते. मोठ्याई जाऊनही बरीच वर्षं झाली. माझी लेक यंदा दहावीला आहे. घरात आम्ही तिघंच, आणि ती दार लावून अभ्यास करते. भाकरी थापताना मी हात थांबवून कान देते. आतून काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी मोठ्याई, तुझी फार आठवण येते गं.