डावीकडचा ब्रेक

गॅरेजमध्ये गाडी उघडून परत जोडली की दोन-चार नट हमखास उरतात. त्यांच्यावाचून गाडीचं काही अडत नाही, पण फेकवतही नाहीत. म्हणून रफिकभाई ते एका जुन्या तुपाच्या डब्यात टाकतो. किश्श्यांचंही तसंच आहे. काम संपतं, माणूस गाडी घेऊन जातो आणि किस्सा आमच्याकडे राहतो. माझ्या डब्याला तर आता झाकण लागेनासं झालंय!

रफिकभाईचं गॅरेज पडेगावात, दौलताबाद रोडला लागून. निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी दोन तास तिथं बसतो. काम काही नाही. वाळूजच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटी चेकिंगला होतो, त्यामुळं दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय चहा पचत नाही, एवढंच.

तिथं येणाऱ्या जुन्या गाडीवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो. आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेलं बाहेरचं सामान ठेवायचं, की ते काढून गाडी पुन्हा कंपनी फिटिंगवर आणायची? यावर रफिकभाईचा कायदा आहे, "पहले महिनाभर चलाओ, फिर बोलो." त्याआधी तो पान्याला हात लावत नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो!

मागच्या वर्षी मीही एक जुनी गाडी घेतली. ड्रायव्हिंग स्कूलची. इंजिन ठणठणीत, सीट स्वच्छ. फक्त डावीकडच्या सीटपुढं, पायाशी, शिकवणाऱ्या मास्तरसाठी बसवलेला एक जादा ब्रेक होता. आणि त्या सीटवर आता बसणार होती आमची बायको, मंदा! मी तडक गॅरेज गाठलं.

"भाई, हे आजच्या आज काढ."

"महिनाभर चलाओ साहब, फिर बोलो."

*

आमच्या बैठकीतले भाऊसाहेब म्हणजे दौलताबादकडचे पेरूच्या बागेचे मालक. त्यांनी जुनी जीप घेतली, तिला सात सुरांचा हॉर्न होता. "मला काय नाचायला जायचंय का?" म्हणत त्यांनी कसाबसा महिना काढला आणि हॉर्न उतरवून घेतला. आठ दिवसांनी हजर!

"परत बसव."

"काइकू?" रफिकभाईनं विचारलं.

"आरं, फाट्यावर हॉर्न वाजला की घरी चहाचं आधण चढायचं. बागंत वाजला की गडी उठून कामाला लागायचे. आता मी दारात जाऊन उभा राहिलो तरी कुणाला पत्ता नाय! काल तर बायको म्हणती, तुम्ही हितंच हुता व्हय?"

हॉर्न पुन्हा चढला. खात्री करायला भाऊसाहेबांनी गॅरेजमध्येच एकदा वाजवला. समोरच्या हॉटेलवाल्यानं, कुणी काही न सांगता, चहा ओतायला घेतला!

*

बजाजनगरच्या एका कामगार पोरानं स्प्रिंगा कापून खाली बसवलेली गाडी घेतली. विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं, "गाडी रोडला चिकटून चालते." ते काही खोटं नव्हतं. प्रत्येक स्पीडब्रेकरला चिकटायची.

पोराचं लग्न गाडी घेतल्याच्या बाविसाव्या दिवशी, मुकुंदवाडीला. आदल्या दिवसापासून तो रफिकभाईच्या हातापाया पडत होता, पण कायदा म्हणजे कायदा. शेवटी त्याच गाडीतून वरात निघाली. स्पीडब्रेकर आला की नवरदेव, करवली, मामा, मावशी असे सगळे खाली उतरायचे. रिकामी गाडी पलीकडे जायची. मग पुन्हा सगळे आत. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पीडब्रेकर किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. अर्ध्या वाटेत नवरदेव चढायचाच बंद झाला.

मांडवात मुलीकडचे विचारतात, "गाडी तर आली, नवरदेव कुठंय?"

"यायलाय की मागून, चालत!"

दुसऱ्या दिवशी पोरगा हळदीच्या अंगानं गॅरेजवर आला. "भाई, आता तरी काढ ना."

रफिकभाईनं बोटं मोजली. "सात दिन बाकी."

*

आता आमच्याकडचा महिना कसा गेला ते ऐका. मंदाला साधी स्कूटीही येत नव्हती, पण पायाखाली ब्रेक आला आणि तिचा थाट बदलला. "तुम्ही चालवा, मी बघते," म्हणाली.

पहिल्याच रविवारी गुलमंडीत, भर गर्दीत, गाडी आचका देऊन बंद पडली. मागं हॉर्नचा कल्लोळ. मी घाबरून विचारलं, "काय झालं? कोण आडवं आलं?"

"आडवं कुणी नाय. मेथी बघा किती कवळी हाये!"

त्यानंतर ती खड्ड्याला दाबायची, कुत्र्याला दाबायची, ओळखीची बाई दिसली तरी दाबायची. मी चिडून म्हणायचो, "अगं, मी दाबणारच होतो!"

"मग दाबा ना. मी कुठं नाय म्हणते?"

तीस वर्षं गाडीला ओरखडा लागू न दिलेला माणूस मी! तिसाव्या दिवशी सकाळीच गॅरेजवर जाऊन उभा राहिलो. रफिकभाईनं पाना उचलला आणि तिथंच थांबला.

"भाभी को पूछे?"

"तिला कशाला विचारायचं?"

"जिसके पांव के नीचे है, उसको पूछना पडता."

हे कलम मला नवीन होतं. घरी येऊन विचारलं. मंदानं पोळी उलटली आणि म्हणाली, "नाय." विषय संपला.

*

उतरवलेलं सामान रफिकभाई फेकत नाही. युरियाच्या गोणीत भरून माळ्यावर ठेवतो आणि गोणीवर रंगानं खूण लिहितो. पण नाव लिहीत नाही, नंबरही नाही. त्याच्या लक्षात राहतो तो माणसाचा स्वभाव. म्हणून कुठल्या गोणीवर 'गुस्सेवाले', कुठल्या गोणीवर 'चाय नहीं पीते'. माळा म्हणजे आमच्या सगळ्यांचं प्रगतिपुस्तकच.

कुलकर्णी सर आमच्या बैठकीतले रिटायर्ड प्राध्यापक. एकदा बोलायला लागले की पन्नास मिनिटं, घंटा होईपर्यंत. त्यांनी हौसेनं चकचकीत चाकं बसवली होती. गाडी विकायची ठरली आणि घेणारा म्हणाला, मला कंपनीचीच चाकं हवीत. सर जुनी चाकं मागायला आले आणि आल्या आल्या त्यांनी चाकाचा इतिहास सुरू केला. रफिकभाई गाडीखाली आडवा होता. तिथूनच तो मला म्हणाला, "साहब, जरा सर की गोणी उतारो. ऊपर से दूसरी, 'बहुत बोलते' लिखेली."

सरांनी गोणीकडे पाहिलं. चाकं घेतली आणि चहा न घेता गेले.

चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि म्हणाले, "रफिकभाई, 'बोलते'पुढं 'हैं' हवं होतं, अनुस्वारासकट." बरं वाटलं!

*

पुढचं सांगायला नको वाटतं, पण किस्सा आमच्याच डब्यातला आहे.

एका सकाळी छावणीतून घरी येत होतो. रस्ता मोकळा, ऊन चांगलं, मी निवांत. एकदम आचका बसला आणि गाडी बंद.

"आता काय, मेथी?" मी म्हणालो.

 मी मान वळवली, तर बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याला अगदी चिकटून एक म्हातारा सायकल धरून उभा. कॅरिअरवर दुधाची किटली. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो.

म्हातारा गेला. मंदानं पाय ब्रेकवरून काढला नव्हता.

"दिसला नाय का तुम्हाला?"

"दिसला की."

"मग कुण्या बाजूनं आला?"

मला सांगता येईना. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या अंगाची गेलेली नजर परत येत नाही; उरलेली थेंब टाकून जपायची. गाडी चालवणं बंद. बेअरिंगवरचा केसाएवढा तडा शोधून काढणारा मी, मला अख्खी सायकल दिसली नव्हती! घरी आलो, किल्ली टीव्हीवर ठेवली आणि म्हणालो, "गाडी विकून टाकू."

"कशापायी?" मंदा म्हणाली. "मास्तरचा ब्रेक हाये की तिला. मी शिकते."

*

आणि शिकली! ज्या ड्रायव्हिंग स्कूलनं गाडी विकली होती, त्याच स्कूलच्या मास्तराला तिनं घरी बोलावलं. मास्तर आपल्या जुन्या सीटवर बसला, पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि त्याचे डोळे भरून आले. "हिच्यात पाय बसलेला होता हो माझा," म्हणाला.

तिला लायसन मिळालं, मास्तर गेला आणि डाव्या सीटवर मी आलो. आता माझ्या अनुभवाचा तिला फायदा व्हायला नको? मी बकरीला दाबायचो. सावलीला दाबायचो. समोरची बस स्टॉपवर आरामात उभी असली तरी दाबायचो.

"अहो, मी दाबणारच होते!"

"मग दाब ना. मी कुठं नाही म्हणतो?"

असे तीन महिने गेले. एका सकाळी मी, भाऊसाहेब आणि कुलकर्णी सर चहा घेत बसलेलो, तर मला बाजारात न्यायला आलेल्या मंदानं गाडी थेट गॅरेजच्या मधोमध आणून उभी केली. उतरली.

"भाईसाब, डावीकडचा ब्रेक काढा. गाडी कंपनी फिटिंगवर आणा."

"महिनाभर चलाये, भाभी?"

"तीन महिने झाले."

रफिकभाईनं हात पुसले. "जिसके पांव के नीचे है, उसको पूछे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊसाहेबांचा कप हवेत, आणि कुलकर्णी सर चक्क गप्प. 'नाय' हा शब्द माझ्या तोंडात तयार होता.  मंदानं फक्त पदर खोचला, जसा ती गाडीत बसताना खोचते तसा.

मी उठलो, पाना उचलला आणि रफिकभाईच्या हातात दिला.

अर्ध्या तासात ब्रेक उतरला. "पकडो साहब, गोणी लाता," म्हणत रफिकभाईनं तो माझ्या हातात ठेवला. लोखंड हाताला बरंच जड लागलं. पेडलवरचं रबर मास्तराच्या, मंदाच्या आणि माझ्या पायानं पार गुळगुळीत झालेलं.

"जरा दौलताबाद रोडला जाऊन येते. बाजाराचं मग बघू," मंदा म्हणाली. एकटीच बसली. डावी सीट रिकामी.

गाडी गॅरेजच्या फाटकाशी पोचली आणि उजवीकडून एक टेम्पो भरधाव आला. गाडी थांबली. आचका नाही, काही नाही, इंजिन चालूच. टेम्पो गेला. मंदानं दोन्हीकडं पाहिलं, इंडिकेटर दिला आणि रस्त्याला लागली.

"वा रं वा!" भाऊसाहेब म्हणाले.

रफिकभाई गोणी घेऊन माझ्या शेजारी उभा होता. तो गाडीकडे बघत नव्हता, माझ्या बुटाकडे बघत होता.

"साहब, बिरेक तो आपके हाथ में है. जमीन काइकू दबा रहे?"