इफ यू आर टायर्ड

बाजारात निंबाच्या ओल्या काड्यांचा वास आला की कुंभार पिंपळगावातला, दुष्काळातला आमचा आठवीचा वर्ग आठवतो. सर ‘इफ यू आर’ म्हणून एखादे विशेषण जोडत, पुढचे वाक्य आम्ही पुरे करायचे आणि बरोबर सांगणाऱ्याने चुकणाऱ्याच्या थोबाडीत मारायची. नापास होऊन माझ्याच वर्गात बसलेला थोरला भाऊ ‘टायर्ड’वर अडला, ‘टेक रेस्ट,’ मी म्हणाले. त्याला हळूच चापट मारली, तर सरांनी निंबाच्या फोकेने माझीच पाठ सोलली. ‘मार की गं जोरात, मला न्हाई लागत,’ भाऊ पुटपुटला. मी मारले. त्याचा ओठ फुटला, वर्ग खिदळला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो शाळा सोडून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. आजही तो म्हणतो, तुझा हात हलका होता. खोटे आहे, फोक चुकवायला मी सगळा जोर लावला होता.