जिन्याचा खरा गुन्हेगार

आमच्या घराच्या जिन्यावर आजवर अकरा पाहुण्यांची डोकी आपटली आहेत आणि अकराही जणांनी दोष माझ्या सुनेला दिला आहे. गुन्हेगार मी आहे.

सून रेवती आर्किटेक्ट. तिने नकाशा काढलेलं पहिलं घर आमचंच, बेसा रोडच्या प्लॉटवर. तिने खुंट्या ठोकल्या, चुन्याने भिंती आखल्या आणि दोन दिवसांसाठी उमरेडला माहेरी गेली. मी त्या चुन्याच्या चौकटीत, म्हणजे माझ्या भावी बेडरूममध्ये, उभा राहिलो आणि हादरलोच! खोली कबुतराच्या खुराड्याएवढी! (उघड्या जमिनीवर प्रत्येकच खोली तशी दिसते, हे मला फार उशिरा कळलं.)

मी जिन्याच्या बाजूच्या खुंट्या उपटल्या आणि एक फूट पलीकडे सरकवल्या.

"साहेब, मॅडमले विचारलं काय?" झनकलाल मिस्त्रीने विचारलं.

"सून कोणाची आहे? तू खोद गा!"

रेवती परतली तोवर पायाचं काँक्रीट ओतून झालं होतं. पुढे जिना आखायच्या दिवशी तिने टेप लावला आणि पांढरीफटक पडली.

"बाबा, माझंच मोजमाप चुकलं!"

आणि मी काय म्हणालो? "होतं बेटा, कधी कधी." (हे लिहितानाही कान तापले.) मिस्त्री तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याला चहा पाजायला घेऊन गेलो.

मग काय! जिना उरलेल्या जागेत कोंबावा लागला. पायऱ्या शिडीसारख्या उभ्या झाल्या आणि वरचा बीम थेट कपाळासमोर आला. वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजी कलश घेऊन गच्चीकडे निघाले. ठण्ण! कलश खाली, नारळ व्याह्यांच्या पायावर! व्याही एका पायावर नाचत लेकीवर ओरडले, "कॉलेजात हेच शिकली काय वं?"

रेवतीने त्यानंतर घर काढलंच नाही. मिहानमधल्या एका कंपनीत टेबल-खुर्च्यांच्या जागा आखायची नोकरी धरली. मी सहा वर्षं गप्प!

गेल्या रविवारी शेजारचे गजाननराव आले. "सूनबाई, आमचं घर तूच काढ."

"नको काका. जिचा पहिलाच जिना चुकला, तिच्यावर भरवसा ठेवू नका."

माझ्या घशात तर्रीपोहे अडकले. ठसका लागला आणि ठसक्याबरोबर सत्यही बाहेर पडलं.

"खुंट्या मी सरकवल्या होत्या!"

गजाननरावांचा चमचा हवेतच राहिला. आमची सौभाग्यवती मात्र ताडकन उठून उभी राहिली. "काय बोलून राहिले जी तुमी? सहा वर्षं पोरीले रडवलं? आधी काहून नाही सांगितलं?"

"तुझी भीती वाटली."

"आता नाही वाटत काय?"

(आता जास्त वाटत होती.)

रेवतीचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "काका, उद्या प्लॉट बघायला येते. आणि बाबा, तुम्ही हे सगळं लिहून द्या. काका वाचतील, माझे वडीलही वाचतील."

म्हणून हे लिहिलं. रेवतीने ओळ न् ओळ तपासली. खुंट्या 'एक फूट' सरकवल्या, असं मी लिहिलं होतं. ती टेप घेऊन जिन्याखाली गेली आणि तिथूनच ओरडली, "दोन फूट तीन इंच! बाबा, कबुलीजबाबातही जागा मारली तुम्ही?"